वाचकांचे प्रश्न : बाहेरून गोल, आतून पोकळ

त्रिमितीय छपाईवरील लेख प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये एकाच अडचणीची निरनिराळी रूपे दिसली. वळणदार आकाराचे भरीव मॉडेल कॅड, म्हणजे संगणकावर आराखडे काढण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये तयार होते, पण ते आतून पोकळ करायला गेले की काहीतरी बिनसते. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राने बरीच जागा घेतली आहे, कारण उरलेल्या चार पत्रांची निम्मी उत्तरे त्यातच आहेत.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : महोदय, मी अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षात शिकतो. बोटांचे सांधे आखडल्यामुळे माझ्या वडिलांच्या हातात बाजारातला माऊस नीट बसत नाही, म्हणून त्यांच्या तळहाताच्या मापाचे नवे कवच मी फ्रीकॅडमध्ये काढले आहे. वरचा उंचवटा लॉफ्टने (अनेक छेदाकृती जोडून आकार करणाऱ्या आदेशाने) केला आहे, बाजूला अंगठ्यासाठी खोलगट जागा आहे आणि सगळे काठ फिलेटने गोल केले आहेत. आत जुन्या माऊसचा सर्किट बोर्ड बसवायचा आहे. ‘थिकनेस’ या आदेशात जाडी १ मिमी दिली तर मॉडेल पोकळ होते, २ मिमी दिली की आदेश अयशस्वी होतो. मित्र म्हणतो कॉम्प्युटर कमी पडतो आहे, सर म्हणतात सॉफ्टवेअर बदल. काय करावे?

उत्तर : दोन्ही बदलू नका. १ मिमीला जमते आणि २ मिमीला जमत नाही, या एका वाक्यात आपण रोगाचे निदान स्वतःच लिहून पाठवले आहे. आपल्या मॉडेलवर कुठेतरी बाहेर फुगलेली अशी एक गोलाई आहे, जिची त्रिज्या १ मिमीपेक्षा जास्त आणि २ मिमीपेक्षा कमी, किंवा फार तर बरोबर २ मिमी आहे. माझा पहिला संशय अंगठ्याच्या खोलगट जागेच्या काठावर आहे.

कारण असे आहे. थिकनेस, किंवा इतर सॉफ्टवेअरमध्ये ज्याला शेल म्हणतात तो आदेश, मॉडेलचा आतला भाग कोरून काढत नाही. तो प्रत्येक बाह्य पृष्ठभागाची एक समांतर प्रत दिलेल्या जाडीइतकी आत सरकवतो, त्या सगळ्या प्रती एकमेकींना जोडून आतले बंद कवच तयार करण्याचा प्रयत्न करतो, आणि ते जमले तरच मूळ घनातून वजा करतो. सपाट पृष्ठभाग आत सरकला तरी सपाटच राहतो. वक्र पृष्ठभागाची मात्र त्रिज्या बदलते. दहावीला भिंगांच्या धड्यात आपण बहिर्वक्र आणि अंतर्वक्र हे शब्द शिकलो, तेच येथे उपयोगी पडतात. बाहेर फुगलेल्या, म्हणजे बहिर्वक्र गोलाईचा केंद्रबिंदू घनाच्या आत असतो, त्यामुळे पृष्ठभाग आत सरकताना केंद्राच्या जवळ जातो आणि ५ मिमी त्रिज्येची गोलाई २ मिमी जाडीला आतून ३ मिमीची होते. अंगठ्याच्या खळग्यासारख्या अंतर्वक्र भागाचे केंद्र घनाच्या बाहेर असल्यामुळे तिथे उलट घडते आणि त्रिज्या जाडीइतकी वाढते. म्हणून खळगा स्वतः सहसा त्रास देत नाही. त्रास देतो तो खळग्याचा काठ. तिथे आपण १.५ मिमीचे फिलेट दिले असेल, तर १ मिमी जाडीला आतली त्रिज्या ०.५ मिमी उरते, पण २ मिमी जाडीला ती उणे ०.५ मिमी येते. उणे त्रिज्येचा पृष्ठभाग म्हणजे स्वतःवरच उलटून पडलेला पृष्ठभाग. त्याला शेजाऱ्यांशी जोडता येत नाही आणि आदेश थांबतो. सॉलिडवर्क्समागे पॅरासॉलिड नावाचा भूमिती-गाभा, म्हणजे आकारांचे गणित करणारा मूळ प्रोग्रॅम, आहे आणि फ्रीकॅडमागे ओपन कॅस्केड. अशा नाहीशा होणाऱ्या फिलेटला वगळून शेजारचे पृष्ठभाग वाढवून जोडण्याची क्षमता गाभ्यागणिक कमीजास्त असते. पण शेजारी लॉफ्टचा मुक्त वक्र, म्हणजे ठरावीक त्रिज्या नसलेला पृष्ठभाग, असेल, तर तो वाढवून नेमका कुठे न्यायचा, हा प्रश्न कोणत्याही गाभ्याला अवघड जातो. आपल्या सरांच्या सल्ल्याप्रमाणे सॉफ्टवेअर बदलले असते, तर हीच तक्रार दुसऱ्या शब्दांत वाचायला मिळण्याची शक्यता बरीच होती.

गंमत अशी की तोच काठ धारदार ठेवला असता तर आदेश बहुधा चालला असता. धारेला स्वतःचा पृष्ठभाग नसतो, त्यामुळे आत सरकवण्यासारखे तिथे काही नसते. दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग आत सरकतात आणि नव्या जागी पुन्हा धारेवरच भेटतात. यावरून कामाचा क्रम ठरवता येतो. जाडीपेक्षा लहान किंवा जाडीइतक्या त्रिज्येची फिलेट पोकळ केल्यानंतर द्यावीत, आणि जाडीपेक्षा मोठी फिलेट पोकळ करण्याआधी द्यावीत.

हा नियम केवळ सोयीचा नाही, त्यामागे हिशेब आहे आणि तो एकदा कागदावर करून पाहिलेला बरा. काटकोनी काठ असलेले, २ मिमी भिंतीचे कवच घ्या. कोपऱ्यात बाहेरच्या धारेपासून आतल्या धारेपर्यंतचे तिरपे अंतर २ गुणिले १.४१४, म्हणजे २.८३ मिमी आहे. बाहेरून r त्रिज्येचे फिलेट दिले की त्यातून ०.४१४ r इतके साहित्य कापले जाते. १.५ मिमीच्या फिलेटने ०.६२ मिमी जाते आणि २.२१ मिमी उरते, म्हणजे चिंता नाही. २ मिमीच्या फिलेटने बरोबर २ मिमी उरते. पण पोकळ केल्यानंतर ५ मिमीचे फिलेट दिले, तर २.०७ मिमी जाऊन भिंत अवघी ०.७६ मिमी राहते. जिथे तीन काठ एका कोपऱ्यात मिळतात तिथे तर २ मिमीच्या भिंतीला ५ मिमीचे फिलेट थेट आरपार भोक पाडते, कारण आतला कोपरा गोलाईच्या केंद्रापासून ५.२ मिमी अंतरावर असतो आणि गोलाई ५ मिमीवरच संपते. पडद्यावर बाहेरून पाहताना ०.७६ मिमीची भिंत आणि २ मिमीची भिंत सारख्याच देखण्या दिसतात. वडिलांचा अंगठा रोज जिथे दाब देणार आहे तिथे तो फरक कळेल.

आता आपल्या फाइलकडे वळू. प्रथम जाडी १.२, १.४, १.६ अशी थोडी थोडी वाढवत न्या. ज्या आकड्याला आदेश बंद पडतो, त्याच्या जवळपासच्या त्रिज्येचे फिलेट शोधा. सॉलिडवर्क्स वापरणाऱ्या वाचकांना ‘चेक’ या आदेशात मॉडेलवरील किमान वक्रता-त्रिज्या थेट विचारता येते. फ्रीकॅडमध्ये बाजूच्या क्रमवारीत मागे जाऊन एकेक फिलेट काढून पाहणे हाच मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. सापडलेले फिलेट थिकनेसच्या आधीच्या जागेवरून काढा, पोकळ करा आणि नंतर पुन्हा द्या.

याने काम झाले नाही तर लॉफ्टचे टोक पाहा. उंचवटा मागच्या बाजूला एका बिंदूत मिळवला असेल, तर त्या बिंदूपाशी पृष्ठभागाच्या सगळ्या रेषा एकत्र येतात आणि तिथे आत म्हणजे नेमके कोणत्या दिशेला, हे गणिताला सांगता येत नाही. टोकाला बिंदूऐवजी लहानसा लंबवर्तुळ ठेवावा, किंवा टोकाचा मिलिमीटरभर भाग कापून सपाट करावा, पोकळ करावे आणि मग तो काठ गोल करावा. मॉडेलवर केसाएवढ्या रुंदीची एखादी पट्टी उरली असेल, जी बहुधा दोन वक्र जवळजवळ एकावर एक आल्याने तयार होते, तीही काढून टाका. गोल, दंडगोल, शंकू आणि कडे (बांगडीसारखा आकार) यांच्या समांतर प्रती अचूक निघतात. मुक्त वक्राची समांतर प्रत मात्र सामान्यतः त्याच प्रकारच्या सूत्रात बसत नाही आणि सॉफ्टवेअरला ती अंदाजाने बसवावी लागते. अशा पट्ट्या त्या अंदाजाची वाट लावतात.

शेवटचा उपाय म्हणजे थिकनेस सोडून आतला आकार स्वतः काढणे. लॉफ्टच्या प्रत्येक छेदाकृतीची २ मिमी आत सरकवलेली प्रत काढावी, त्यांचा दुसरा लॉफ्ट करावा आणि पहिल्यातून वजा करावा. हा मार्ग जवळजवळ कधीच अडत नाही, पण त्यात एक छुपा तोटा आहे. छेदाकृती आडव्या पातळीत असतील, तर आपण दिलेले २ मिमी आडवे मोजलेले असतात, भिंतीला लंब नव्हे. उभ्या भिंतीला फरक पडत नाही. जिथे पृष्ठभाग आडव्याशी ३० अंशांचा कोन करून उतरतो, तिथे मात्र खरी जाडी निम्मी, म्हणजे १ मिमी भरते. माऊसचा पुढचा उतार साधारण असाच असतो. तिथल्या छेदाकृती ४ मिमी आत घ्या आणि शेवटी मॉडेल मधोमध कापून भिंत दोन-तीन ठिकाणी मोजा. सर्किट बोर्डाच्या खुंट्या आणि स्क्रूचे आधार हे सगळे झाल्यावरच बसवा. ते आधी बसवले तर सॉफ्टवेअर त्यांनाही पोकळ करायला जाईल.

प्रश्न (नेरुळ, नवी मुंबई) : मी शाळेत चित्रकला शिकवते. प्रदर्शनासाठी कलशाचे मॉडेल केले. पोकळ करण्यासाठी त्याचीच ९६ टक्के आकाराची प्रत आत ठेवून वजा केली. गळ्यापाशी भिंत कागदासारखी आणि पोटाशी जाड आली. माझी चूक कुठे झाली?

उत्तर : टक्केवारीत. प्रमाणाने लहान केलेली प्रत प्रत्येक दिशेला वेगवेगळी आत सरकते. १०० मिमी लांब, ६० मिमी रुंद आणि ४० मिमी उंच अशा वस्तूची ९६ टक्के प्रत मधोमध ठेवली, तर भिंत लांबीच्या टोकांना २ मिमी, बाजूंना १.२ मिमी आणि वर-खाली ०.८ मिमी मिळते. समान जाडी गोळ्यासारख्या मोजक्याच आकारांना मिळेल. आपल्या कलशाचा गळा अरुंद असल्यामुळे तिथे वाट्याला कमी आले, शिवाय लहान प्रतीचा गळा मूळ गळ्याच्या समोर न राहता थोडा सरकलाही असणार.

कलश हा अक्षाभोवती फिरवून मिळणारा आकार आहे, तेव्हा त्याला पोकळ करण्याची गरजच नाही. फिरवण्याआधीच्या रेखाटनात बाहेरच्या रेषेची २ मिमी आत समांतर रेषा काढा, दोन्ही रेषांची टोके जोडून भिंतीचीच बंद आकृती करा आणि ती फिरवा. कुंभार चाकावर भिंतच उभी करत नेतो, भरीव गोळा करून मागाहून कोरत बसत नाही, तसेच हे आहे.

प्रश्न (ऐरोली, नवी मुंबई) : घरच्या फिलामेंट प्रिंटरवर टेबलावर ठेवायचा मोठा घुमट छापला. प्लॅस्टिक वाचावे म्हणून मॉडेल आतून पूर्ण पोकळ केले, तर उलट वेळही जास्त लागला आणि प्लॅस्टिकही. असे कसे?

उत्तर : फिलामेंटवर छापायच्या शोभेच्या वस्तू कॅडमध्ये पोकळ करू नयेत. भरीव मॉडेल दिले तरी स्लायसर, म्हणजे मॉडेलचे छपाईसाठी थर पाडणारे सॉफ्टवेअर, ते भरीव छापत नाही. तो बाहेरून दोन-तीन भिंती घालतो आणि आत आपण सांगू तेवढी, म्हणजे १० ते १५ टक्के, जाळी भरतो. आपण घुमट पोकळ केल्यावर स्लायसरला बाहेरची आणि आतली अशा दोन कातड्या दिसल्या, त्याने दोन्हींना भिंती घातल्या, आणि घुमटाची आतली कमान उभ्यापासून ४५ अंशांपेक्षा जास्त कलू लागल्यावर तिला आधारही उभे केले. ते आधार म्हणजे आपले जास्तीचे प्लॅस्टिक. भरीव मॉडेल द्या आणि जाळी कमी करा. फुलदाणीसारखी एकाच भिंतीची वस्तू हवी असेल तर स्लायसरमध्ये त्यासाठी सर्पिल पद्धत असते, आणि तिलाही भरीव मॉडेलच लागते.

माऊसच्या कवचासारखी वस्तू, जिच्या आत खरोखर काही बसवायचे आहे, ती अर्थात पोकळच काढावी लागते. ०.४ मिमी नोझलची एक रेघ साधारण ०.४५ मिमी रुंद पडते, म्हणून भिंतीची जाडी रेघांच्या पटीत, म्हणजे १.८ मिमीच्या आसपास ठेवली तर मध्ये फट राहत नाही.

प्रश्न (वाशी, नवी मुंबई) : आमचा मूर्तींच्या दागिन्यांचा घरगुती व्यवसाय आहे. साचा काढण्यासाठी गणपतीच्या मुकुटाचा नमुना रेझिन प्रिंटरवर छापून घेतला. खर्च वाचवण्यासाठी तो पोकळ केला होता. छपाई उत्तम आली, पण तीन आठवड्यांनी मुकुटाला बारीक तडा गेला आणि त्यातून चिकट द्रव झिरपू लागला. ऐन हंगामात साचा वाया गेला. छापणाऱ्याने निकृष्ट रेझिन वापरले असे समजावे का?

उत्तर : रेझिनला दोष देण्याआधी एक गोष्ट पाहा : मुकुटाला निचऱ्याचे छिद्र होते का? आपल्या पत्रात छिद्राचा उल्लेख नाही आणि वर्णन नेमके छिद्र नसलेल्या पोकळ वस्तूचे आहे. मी सुरुवातीच्या काळात छापलेला एक पोकळ गोल दिवा वागळे इस्टेटमधल्या माझ्या कामाच्या टेबलावर असाच ऐन पावसाळ्यात फुटला होता आणि खालची वही कायमची चिकटून बसली. ती वही मी अजून ठेवली आहे.

रेझिन प्रिंटरमध्ये वस्तू द्रवाच्या तबकातून थर-थर वर उचलली जाते. पोकळीत शिरलेले द्रव रेझिन शेवटचा थर बंद होताच आत कोंडले जाते. बाहेरून आपण वस्तू आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो आणि अतिनील प्रकाशात पक्की करतो, आतले मात्र कच्चेच राहते, भिंतीला आतून भिजवत राहते, आणि भिंतीवरचा ताण वाढत जाऊन ती सर्वांत पातळ जागी तडकते.

म्हणून पोकळ रेझिन वस्तूला किमान दोन छिद्रे हवीत. एक छिद्र छपाईच्या पट्टीच्या, म्हणजे वस्तू जिला चिकटून लटकते तिच्या, शक्य तितके जवळ असावे. वस्तू उलटी लटकत छापली जात असल्यामुळे अर्धवट छापलेली पोकळी तबकाच्या तळाच्या पडद्यावर उपड्या वाटीसारखी बसते, आणि हवेला वाट नसेल तर प्रत्येक उचलीला ती पडद्याला चिकटून ओढली जाते. थरांवर येणारे आडवे ओरखडे पुष्कळदा याच ओढीचे असतात. दुसरे छिद्र विरुद्ध टोकाला असावे, म्हणजे एकातून अल्कोहोल सोडले की दुसऱ्यातून बाहेर येते. ३ मिमीपेक्षा लहान छिद्रातून घट्ट रेझिन नीट वाहत नाही. मुकुटाच्या बाबतीत दोन्ही छिद्रे डोक्यावर टेकणाऱ्या खालच्या कडेला आणि मागच्या बाजूला लपवता येतील. साचा काढण्यापूर्वी ती मेणाने बुजवा, नाहीतर साच्याचे रबर आत शिरेल. भिंत २ मिमीपेक्षा पातळ ठेवू नका, कारण साच्याचा दाब तिलाच सोसायचा आहे. धुतल्यावर वस्तू पूर्ण वाळवून लहान अतिनील दिवा छिद्रातून आत धरता आला तर आतली बाजूही पक्की होते. वापरलेले अल्कोहोल मोरीत ओतू नये. ते उघड्या भांड्यात उन्हात ठेवले की रेझिन घट्ट होऊन तळाशी बसते. हे सगळे नायट्राइलचे हातमोजे घालूनच करावे.

इतका खटाटोप करून पोकळ करावे का, असे कोणी विचारेल. ८० मिमी व्यासाचा भरीव गोळा २६८ घन सेंटिमीटर रेझिन खातो, २ मिमी भिंतीचा पोकळ गोळा ३८ घन सेंटिमीटरमध्ये भागवतो. मुकुटाच्या आकारालाही बचत याच धर्तीची मिळेल, तेव्हा आपला निर्णय चुकीचा नव्हता.

आपल्या मुकुटावर नक्षी, मोती आणि वेलबुट्टी असणार, आणि पहिल्या उत्तरातला हिशेब वाचून आपण म्हणाल की अर्ध्या मिलिमीटरच्या मोत्यांसकट हा मुकुट पोकळ झालाच कसा? शिल्पासारखे मॉडेल कॅडच्या शेल आदेशाने पोकळ करत नाहीत. चिटूबॉक्स, लिची, प्रूसास्लायसर अशी सॉफ्टवेअर ते काम निराळ्या रीतीने करतात. ती वस्तूची जागा बारीक घनांमध्ये (लहान चौकोनी ठोकळ्यांमध्ये) विभागतात, प्रत्येक घन बाहेरच्या पृष्ठभागापासून किती दूर आहे ते मोजतात आणि २ मिमीपेक्षा खोल असलेले सगळे घन काढून टाकतात. त्यात काही उलटून पडण्याचा प्रश्न येत नाही. बाहेरचे मोती आत उमटत नाहीत, आतली बाजू साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होते. साच्यासाठी आतल्या बाजूचा उपयोगच नसल्यामुळे ते चालते.

प्रश्न (रबाळे, नवी मुंबई) : माझे लहान वर्कशॉप आहे. ग्राहकाने पंपाच्या वळणदार आवरणाची एसटीएल फाइल दिली. ती सॉफ्टवेअरमध्ये घनात रूपांतरित केली, पण शेल लागत नाही आणि कॉम्प्युटर गोठतो.

उत्तर : एसटीएल फाइलमध्ये गोलाई नसतेच. १९८७ च्या सुमारास आलेल्या या प्रकारात सगळा पृष्ठभाग सपाट त्रिकोणांत तोडलेला असतो, मापाचे एककही लिहिलेले नसते. रूपांतर केल्यावर आपल्याला हजारो लहान सपाट पृष्ठभागांचा घन मिळाला, आणि शेल त्यांतला प्रत्येक त्रिकोण आत सरकवून शेजाऱ्यांशी जुळवू पाहतो आहे. ग्राहकाकडून स्टेप फाइल मागवा. तिच्यात दंडगोल हा दंडगोल म्हणून आणि फिलेट हे खऱ्या वक्र पृष्ठभागाच्या रूपात येते. ग्राहकाकडे ती नसेल आणि आवरण फक्त नमुना म्हणून दाखवायचे असेल, तर वर सांगितलेल्या घन-पद्धतीने पोकळ करून छापा. पण त्यात शाफ्ट, बेअरिंग किंवा गॅस्केट बसणार असेल तर तसे करू नका. व्हर्नियर घेऊन मोजमापे काढा आणि आवरण नव्याने रेखाटा. आवरणाचा मुख्य भाग दंडगोल आणि कडे यांच्यातच बसणारा असेल, तर नवे रेखाटन एका दुपारचे काम आहे आणि त्यावर शेल विनातक्रार लागेल.